ठरलेलं, उघडं की दडलेलं? निर्णयाला बसण्याआधी भविष्याच्या तीन कल्पना

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काटोलजवळ आमच्या बगिच्यात गेले होते. दादाने झाडांचं पाणी तोडून पंधरा दिवस झाले होते. आळ्यातली काळी माती भेगाळायला लागली होती, पानांचा तजेला उतरला होता आणि दुपारच्या उन्हात ती कडेने आत वळलेली दिसत होती. आंबिया बहार, म्हणजे जानेवारीतला फुलोरा, घ्यायचा तर संत्र्याला हा ताण द्यावाच लागतो. पाणी मिळत राहिलं की झाड पालवीच फोडत बसतं. ताणावर गेलं की वाढ थांबते, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की फूल धरतं. "झाडाले बी समजते," दादा म्हणाला, "आता फुलाचं पाहा लागते."

माझा भाचा बांधावर उभा होता. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, जूनपर्यंत बिनपगारी रजा घेऊन आलाय. दादाचे गुडघे गेलेत. जमिनीला गिऱ्हाईक आहे, त्याने होळीपर्यंत उत्तर मागितलंय. विकून टाकायचं की परत येऊन बगीचा सांभाळायचा? पैशांचा हिशोब त्याने दोन्ही बाजूंनी करून ठेवला होता. अडकला होता तो भलत्याच जागी. "आत्या, तू इतकी वर्षं नागपुरात तर्कशास्त्र शिकवलंस. एक सांग. जे व्हायचं ते ठरलेलं असतं का? असेल तर मी रात्र रात्र का जागतोय? आणि नसेल, तर कशाच्या भरवशावर ठरवू?"

प्रश्न वर्गात विचारला असता तर मी फळ्यावर चार नावं लिहून तास संपवला असता. बांधावर ते जमेना. त्या दिवसापासून मी भविष्याबद्दलच्या ज्या मुख्य समजुती आहेत त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहते आहे, आणि पाहण्याची कसोटी एकच ठेवली आहे: ज्याला खरोखर काही ठरवायचंय, त्याच्या हातात यातली कोणती समजूत द्यावी? कोणती जुनी, कोणती सुंदर, कोणती परदेशात गाजली, याला इथे महत्त्व नाही. ती समजूत खरी असण्याची शक्यता किती, ठरवताना ती काय करायला लावते आणि फसल्यावर माणसाला कुठे नेऊन सोडते, एवढंच पाहायचं.

ठरलेलं भविष्य

या मताचा सर्वांत कडवा प्रवक्ता आपल्याच भूमीतला. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन मक्खली गोसाल, आजीवक पंथाचा आचार्य. त्याचं मत सामञ्ञफलसुत्त या बौद्धांच्या पाली सुत्तात आलं आहे. सुताचा गुंडा फेकला की तो सुटत सुटत जातो आणि सूत संपेल तिथेच थांबतो. तसे शहाणे आणि अडाणी दोघेही आपापले ठरलेले फेरे पुरे करूनच दुःखाच्या शेवटाला पोचतात. त्यात माणसाच्या बळाला, यत्नाला, पराक्रमाला जागा नाही. बुद्धांना हे मत इतकं घातक वाटलं, की त्यांनी त्याला माणसाच्या केसांच्या घोंगडीची उपमा दिली: थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, आणि वर दुर्गंधी. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि डिसेंबरात हुडहुडी सोसणाऱ्या नागपूरकराला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ही समजूत जेव्हा लागते तेव्हा नेमकी कामाला येत नाही.

युरोपात हेच मत गणिताचे कपडे घालून आलं. १८१४ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लासने लिहिलं, की एखाद्या बुद्धीला या क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बलं कळली, तर तिच्यासाठी भविष्यही भूतकाळाइतकंच डोळ्यासमोर असेल. मग १९०८ मध्ये मिन्कोव्स्की या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्या सापेक्षतेला अवकाश-काळाचं एकसंध रूप दिलं. दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, याचं उत्तर पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतं. म्हणजे साऱ्या विश्वाला लागू होईल असा एकच एक 'आत्ता' नाही. पुष्कळ विचारवंत यावरून असं मानतात, की काळ रेल्वेमार्गासारखा अंथरलेला आहे. मुंबईला निघालेली आपली गाडी वर्ध्याला उभी असते तेव्हा भुसावळ आपल्यासाठी 'पुढे' असतं, पण ते रुळांवर असतंच. १९५५ च्या मार्चमध्ये आपला जुना मित्र बेसो गेल्यावर आइन्स्टाइनने त्याच्या घरच्यांना लिहिलं, की भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद म्हणजे एक चिवट भ्रम आहे. महिन्याभरात तो स्वतःही गेला.

मला ते पत्र नेहमी हलवून जातं. पण बारकाईने पाहा, ते सांत्वनाचं पत्र आहे. जे होऊन गेलं त्याबद्दलचं आहे. या समजुतीचं खरं बळ तिथेच आहे, आणि ते मी घरात पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गारपीट झाली. तोडणीला आलेला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुललेला, वीस मिनिटांत जमिनीवर. दुसऱ्या दिवशी दादा खाली पडलेली फळं उचलून बघत होता. प्रत्येक फळावर गारेचा तपकिरी, मऊ पडलेला डाग. वहिनी म्हणाली, "नशिबात नव्हतं." त्या एका वाक्याने त्याला जेवायला बसवलं. मी तेव्हा गप्प राहिले, आणि आजही म्हणेन की गप्प राहिले ते बरोबर केलं.

ठरवायच्या आधी मात्र हेच वाक्य विष आहे. ग्रीकांनी याला 'आळशी युक्तिवाद' असं नाव दिलं होतं. बरा होणं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय. क्रिसिपस या स्टोइक तत्त्वज्ञाने त्याला नेमकं उत्तर दिलं: बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं असणार. म्हणजे सगळं कार्यकारणाने बांधलेलं आहे असं मानलं, तरी हात बांधून बसणं त्यातून निघत नाही. आपलं करणं हासुद्धा त्या साखळीचा एक दुवा आहे. 'असेल माझा हरी' म्हणणारा नेमका हाच दुवा विसरतो.

बरं, हे मत खरं तरी आहे का? त्याच भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या दालनात गेलं, की किरणोत्सारी अणू नेमका कधी फुटेल हे आधीच्या कुठल्याच स्थितीवरून सांगता येत नाही; रूढ अर्थ लावला तर ते ठरलेलंच नसतं. शिवाय ठरलेलं असणं आणि कळू शकणं यांत फार मोठी दरी आहे. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने हवामानाच्या आकडेमोडीत दशांश चिन्हापुढचे सहा अंक न भरता तीनच भरले आणि थोड्याच वेळात संगणकावरचं हवामान पार वेगळ्या वाटेला गेलं. १९६३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याची समीकरणं पूर्ण ठरीव होती, नशिबाला कुठेही जागा नव्हती, तरी पुढचं सांगता येत नव्हतं. तेव्हा भविष्य ठरलेलं आहे असं कुणी सिद्ध जरी केलं, तरी ते तुमच्यासमोर उलगडणार नाही. ठरवायला तुम्हालाच बसावं लागेल.

उघडं भविष्य

ॲरिस्टॉटलचं उदाहरण समुद्रावरच्या लढाईचं आहे. उद्या लढाई होईल किंवा होणार नाही, यांतलं एक होणार हे नक्की. पण म्हणून 'होईल' हे आजच नक्की आहे असं नाही, आणि 'होणार नाही' हेही नाही. प्रत्येक वाक्य आजच खरं किंवा खोटं ठरलेलं असतं, तर सल्लामसलत करणं, खटपट करणं फुकट गेलं असतं, असं तो म्हणतो. १९२० मध्ये पोलंडच्या लुकासिएविचने याच विचारातून तर्कशास्त्रात खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं मूल्य आणलं: अजून न ठरलेलं.

वर्गात मी हे समुद्रावरच्या लढाईने शिकवायचे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलांना ती लढाई कधी जवळची वाटली नाही. एका वर्षी मी उदाहरण बदललं, आणि वर्ग स्तब्ध झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो ते आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. मी मुलांना विचारलं: त्या संध्याकाळी ते वाक्य खरं होतं का?

ठरलेल्या भविष्यवाल्याला 'हो' म्हणावं लागतं. ते तेव्हाच खरं होतं, एकवीस वर्षं फक्त लोकांना कळायची होती. मला हे उत्तर अपुरं वाटतं. तेवढंच नाही, अन्यायकारक वाटतं. त्या एकवीस वर्षांत काय काय झालं पाहा. १९३६ मध्ये शीख धर्माचा विचार झाला, पुढे बाजूला पडला. मग धर्मग्रंथांचा अभ्यास, राज्यघटनेचं काम, बिघडत गेलेली प्रकृती. यातल्या प्रत्येक वळणावर ते वाक्य खोटं ठरू शकलं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, आपल्या या शहरात त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली. ६ डिसेंबरला ते गेले. मध्ये फक्त त्रेपन्न दिवस.

दीक्षाभूमीवर गेले की मला दर वेळी हा त्रेपन्नचा आकडा आठवतो. शक्यता आभाळात कायमची टांगलेली नसते. तिला मुदत असते. ती जपावी लागते, आणि मुदतीत पुरी केली नाही तर संपते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: येवल्याचं वाक्य हे भाकीत नव्हतं, तो संकल्प होता. व्याकरणात दोघांचा भविष्यकाळ सारखाच दिसतो. 'उद्या पाऊस येईल' आणि 'उद्या मी येईन' यांत क्रियापदाचा काळ तोच, पण पहिल्यात मी जगाकडे पाहून बोलते आणि दुसऱ्यात जग माझ्याकडे पाहून ठरायचं असतं. निर्णय घेणारी पुष्कळ माणसं स्वतःबद्दल पहिल्या प्रकारची वाक्यं बोलायला लागतात: 'माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही', 'मी परत पुण्यालाच जाईन बहुतेक.' जणू ती स्वतःचं हवामान सांगताहेत. भाच्याच्या बोलण्यातही मला हेच ऐकू येत होतं.

उघड्या भविष्याची एक देशी मांडणी आहे, आणि ती मला ॲरिस्टॉटलपेक्षाही उपयोगी वाटते. न्याय-वैशेषिक या आपल्या जुन्या दर्शनांच्या मते घडा घडण्याआधी तो मातीत लपलेला वगैरे नसतो. तो नसतोच. पण हे नसणं विशिष्ट असतं, त्याला प्रागभाव म्हणतात. त्याला सुरुवात नाही, शेवट आहे: घडा झाला की संपला. आणि तो असतो कुठे? ज्यातून घडा होणार त्या मातीत. 'इथे घडा होईल' असं आपण म्हणतो ते याच्यामुळे. मला यातला 'इथे' फार आवडतो. भविष्य म्हणजे कुठेतरी समोर असलेला प्रांत नाही. या मातीतली, या जागेची, एक रिकामी जागा आहे.

याचाच जोडीदार प्रध्वंसाभाव. घडा फुटल्यानंतरचं नसणं. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तोच घडा पुन्हा होत नाही. मला वाटतं निर्णय घेणाऱ्याला अख्ख्या तत्त्वज्ञानातून एकच जोडी न्यायची असेल, तर त्याने ही न्यावी. अजून न झालेलं आणि होऊन संपलेलं, दोन्ही आज 'नाही'च असतात, पण त्यांचा भाव एक नाही. बगीचा एकदा काढला, की परत कलमं लावून पहिला बहार हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. आणि तेव्हा येतो तो दुसरा बगीचा असतो.

या समजुतीचा दोष सांगितलाच पाहिजे. सगळं उघडं आहे असं मानणाऱ्याला छातीवर दगड येतो. प्रत्येक चुकीचं ओझं त्याच्या एकट्यावर. 'तू ठरवलंस तर काहीही होऊ शकतं' असं पोरांना सांगणाऱ्या सभा आपल्याकडे उदंड होतात. तिथून घरी आलेलं पोर परीक्षेत मागे पडलं की त्याला वाटतं, आपण नीट ठरवलंच नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. कर्ता पाचांतला एक आहे. हे वाचल्यावर मला स्वतःला आयुष्यात एकदा फार हलकं वाटलं होतं.

दडलेलं भविष्य

न्यायवाल्यांशी शतकानुशतकं भांडलेले सांख्य दर्शनाचे लोक म्हणतात: कार्य आधीपासून कारणात असतंच. तेल तिळात असतं म्हणून निघतं. वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. त्यांच्यातल्या ईश्वरकृष्णाच्या नवव्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, याची पाच कारणं दिली आहेत, त्यांतली दोन निर्णयासाठी सोन्यासारखी आहेत. एक, सगळ्यातून सगळं होत नाही. दोन, जे समर्थ आहे ते त्याला शक्य असलेलंच करतं.

आमच्या बगिच्यात हे रोज दिसतं. नागपुरी संत्र्याचं कलम जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर बांधलेलं असतं. खाली जंबेरी, वर संत्रा. सांध्याच्या खालून खुंटाला फूट आली आणि ती काढली नाही, तर ती जोमाने वाढते, वरच्या संत्र्याचा जीव ओढून घेते, आणि पुढे तिला फळं धरतात ती जंबेरीची. आंबट, जाड सालीची. त्या झाडात दोन्ही भविष्यं दडलेली असतात. आंबा मात्र दडलेला नसतो. कितीही इच्छा केली तरी त्या झाडाला आंबा येणार नाही, आणि दुर्लक्ष केलं तर संत्रंही राहणार नाही.

म्हणून मला ही समजूत 'काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून पटत नाही, पण 'शोधायचं कुठे?' याचं उत्तर म्हणून हिच्या तोडीची दुसरी नाही. भविष्याची चिंता करणारा माणूस क्षितिजाकडे पाहत असतो. सांख्य त्याची मान धरून खाली वळवतात: या मातीत काय आहे, या गुडघ्यांत किती बळ उरलंय, विहिरीला एप्रिलात पाणी किती राहतं, तुझ्या हातात कोणतं कसब आहे? भाच्याने दोन्ही बाजूंचा पैशांचा तक्ता केला होता, पण त्यात माती नव्हती. आमची जमीन भारी काळी आहे. अशा जमिनीत ओल टिकून राहते, मे महिन्यात ताण नीट बसत नाही, म्हणून मृग बहाराचा भरवसा कमी. आंबियाच आमचा खरा. ही बाब तक्त्यात घातल्याबरोबर त्याचे निम्मे प्रश्न विरघळले.

तुकोबांचे दोन चरण लोक एकमेकांवर फेकतात. एक, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे'. दुसरा, 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास'. पहिला नशीबवाद्यांचा, दुसरा प्रयत्नवाद्यांचा, असं वाटून घेतलं आहे. पहिल्या चरणापुढचं वाचलं की वाद मिटतो: 'चित्ती असो द्यावे समाधान'. तो चित्ताबद्दल बोलतो आहे, हातांबद्दल नाही. हातांबद्दल बोलतो तेव्हा शब्द 'सायास' आणि 'अभ्यास' आहेत, 'इच्छा' नाही.

आणखी एक, थोडक्यात

डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८६ मध्ये ठामपणे मांडलं, की जी जी शक्यता आहे ती ती कुठल्या ना कुठल्या जगात खरोखर घडलेली आहे आणि ती जगं आपल्या जगाइतकीच खरी आहेत. तर्काच्या अभ्यासकाला यातून पुष्कळ मिळतं. निर्णय घेणाऱ्याला मी हे देणार नाही. बगीचा विकला काय, न विकला काय, दुसऱ्या जगातल्या माझ्यासारख्या कुणीतरी उलट केलंच असेल, या विचाराने हा बगीचा वाचत नाही, की मनाची टोचणीही जात नाही.

शक्यता आणि संभाव्यता

इथे एक घोटाळा वारंवार होतो, तो सोडवायला हवा. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज येतो: विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. ऐकणारा म्हणतो, म्हणजे आपल्याकडे येणार नाही. पण 'तुरळक ठिकाणी'चा तिथला अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर. तो तुमच्या शेताबद्दलचा निकाल नसतो. संभाव्यता पुष्कळ शेतं, पुष्कळ वर्षं धरून बोलते. शक्यता एका शेताबद्दल, एका माणसाबद्दल बोलते. विमा कंपनीला पहिली पुरते. ज्याच्याकडे एकच बगीचा आणि एकच आयुष्य आहे, त्याला पहिलीचा मान राखून दुसरीवर ठरवावं लागतं. दहातल्या नऊ मुलांचं पुण्यात बरं चाललंय, ही माहिती खरी आहे, कामाची आहे. त्यातून भाचा त्या दहांतला कोणता, हे निघत नाही.

शेजारी ठेवल्यावर

ठरलेलं भविष्य ओझं उतरवतं, पण कुठे पाहावं ते सांगत नाही आणि हात थांबवतं. उघडं भविष्य हात मोकळे करतं, पण एकट्याच्या डोक्यावर सगळा भार देतं. दडलेलं भविष्य नजर जमिनीवर आणतं, पण त्याच्यातच राहिलं तर माणूस 'आमच्यात तेच नाही' असं म्हणून नवं काही करायचं सोडतो. आपल्याकडे कित्येक पिढ्यांना 'तुमच्यात नाहीच' असं सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांनी त्याला शास्त्राचा आधार दिला. १९५६ च्या त्या दसऱ्याला या शहराने ते खोटं पडताना पाहिलं आहे, म्हणून या समजुतीच्या बाबतीत मी विशेष सावध राहते.

मला विचाराल तर निर्णयाला बसताना मूळ बैठक न्यायवाल्यांची घ्यावी. पुढचं अजून नाही, पण त्याची जागा इथे आहे. त्या जागेचा शोध सांख्यांच्या नजरेने घ्यावा. नियतीला दाराबाहेर थांबवावं. ठरवून झाल्यावर, करून झाल्यावर, फसलंच तर तिला आत बोलवावं. योगवासिष्ठात एक चित्र आहे. पूर्वीचं कर्म आणि आताचा प्रयत्न हे दोन एडके टकरा घेतात आणि त्यांत जो दुबळा तो हरतो. पूर्वीचा एडका आहेच, हे नाकारायचं नाही. फक्त आपला एडका सोडण्याआधीच निकाल सांगायचा नाही.

आणि एक करावं, जे मी भाच्याला करायला लावलं. नागपूरला माझ्या घरी आला होता, तर्री पोहे समोर होते, त्याला म्हटलं, कागदावर फायदे-तोटे लिहू नकोस. शक्यता लिही आणि प्रत्येकीपुढे तिची मुदत. त्याने लिहिलं: आंबियाचं पाणी, जानेवारीच्या मध्यापर्यंत. गिऱ्हाईक, होळी. रजा, जून. पुण्याला परत रुजू होणं, जूननंतर कठीण. बगीचा ठेवणं, मुदत नाही. मग थोडं थांबून त्याने शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं: बाबांचे हात शिकवू शकताहेत तोवर.

त्या ओळीकडे तो बराच वेळ बघत बसला. पोहे गार झाले. पाणी सोडलं की एक बहार धरता येतो आणि जूनपर्यंत पुण्याचं दारही उघडं राहतं. जमीन विकली की बहार आणि बगीचा दोन्ही कायमचे जातात. विकणं चूक आहे असं मी म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. दादाचं दुखणं वाढलं असतं, कर्ज असतं, तर त्याच कागदावरून विकणंच निघालं असतं.

मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. गिऱ्हाइकाला या वर्षी नाही म्हणून सांगितलं होतं. नोकरीचं जूनमध्ये ठरवणार होता. आम्ही गेलो तेव्हा मोटार सुरू होती. पाणी पहिल्या ओळीच्या आळ्यांत शिरत होतं, भेगांतून बुडबुडे येत होते, आणि कोरड्या मातीचा वास सुटला होता. दादा खाटेवर बसून हाताने दाखवत होता, इकडं वळव, तिकडं माती लाव. भाचा तिसऱ्या ओळीत एका झाडापाशी वाकला. सांध्याच्या खाली, खुंटावर, वीतभर हिरवी फूट आली होती. "बाबा, हे जंबेरीचंच ना?" त्याने तिथून ओरडून विचारलं. दादाने मान हलवली. त्याने खिशातून कात्री काढली आणि ती फूट खोडालगत कापली.